गटारातला विषाणू आणि त्याची अक्षरं

होस्टेलमागच्या गटाराचं पाणी बाटलीत भरताना पाहून एका मैत्रिणीने विचारलं, "बरी आहेस ना?" बरी होते. मला फाज हवा होता, म्हणजे जिवाणूंना लागण करणारा विषाणू. जिथे ई. कोलाय तिथे त्याचा फाज, आणि ई. कोलाय तर आपल्या सगळ्यांच्याच पोटात! याला 'जिवाणूभक्षक'ही म्हणतात. शब्द भारदस्त, पण फसवा. तो खात काहीच नाही. आपला डीएनए जिवाणूत सोडतो, त्याच्याकडून स्वतःच्या प्रती करून घेतो आणि शेवटी त्याला फोडून बाहेर पडतो.

पाणी ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढलं की जिवाणू वर अडकतात, फाज खाली उतरतो. तो ई. कोलायच्या ताज्या कल्चरमध्ये मिसळून पातळ अगारसोबत प्लेटवर ओतायचा. अगार साधारण ४५ अंशांचं हवं. जास्त गरम तर जिवाणू मरतात, थंड तर गुठळ्या. (माझ्या पहिल्या चार प्लेट्स गुठळ्यांच्याच!) दुसऱ्या दिवशी दुधट थरात पारदर्शक ठिपके दिसतात, तेच प्लाक. एक प्लाक म्हणजे बहुधा एकाच फाजची प्रजा. 'बहुधा' आहे म्हणून एकच ठिपका उचलून पुन्हा प्लेट, असं तीनदा करायचं.

खरी गोम पुढे आहे. जिवाणू फुटले की त्यांचा डीएनएही द्रवात सांडतो. ई. कोलायच्या जीनोममध्ये सुमारे ४६ लाख अक्षरं, तर फाय-एक्स-१७४ या प्रसिद्ध फाजमध्ये फक्त ५,३८६. म्हणून आधी डीएनेज हे विकर घालायचं. ते सांडलेला डीएनए चिरून टाकतं. फाजचा डीएनए प्रथिनांच्या कवचात सुरक्षित राहतो. मग डीएनेज निकामी करून प्रोटिनेज-केने कवच फोडायचं. आम्ही घाईत डीएनेजची पायरीच गाळली. जेलवर झकास पट्टा आला, कँटीनमध्ये पार्टीही झाली. सिक्वेन्सिंगचा रिपोर्ट उघडला तर बहुतेक अक्षरं ई. कोलायची! प्रोजेक्टचे पैसे गेले ते गेलेच. सरांनी पदरचे घातले म्हणून दुसरा नमुना पाठवता आला.

फाय-एक्स-१७४ची अक्षरं १९७७ साली केंब्रिजला फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने वाचली. संपूर्ण वाचला गेलेला तो पहिला डीएनए जीनोम. पण एवढ्याशा धाग्यात त्याची सगळी प्रथिनं मावतच नव्हती. मग कळलं, 'ई' हे जनुक 'डी' जनुकाच्या पोटातच आहे! तीच अक्षरं तीन-तीनच्या गटांत वाचताना सुरुवात एक घर सरकवली की वेगळंच प्रथिन.

आमच्या फाजची फाइल आता आली आहे. त्यातही कुणी असं पोटात लपलंय का, ते परीक्षा संपली की शोधणार.