पेट्रोलियम इंजिनिअरिंग : मुलांना पाठवावे की नाही?

आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या बांधवांची मुले बारावीपर्यंत पोहोचली आहेत. "मुलाला पेट्रोलियम इंजिनिअरिंगला घालावे का?" हा प्रश्न घरोघरी निघतो. एकीकडे तेलाचा पैसा दिसतो, दुसरीकडे विजेवर चालणारी रिक्षा दारात येऊन उभी आहे. चार वर्षांच्या फीत घरची सारी बचत जाते. म्हणून हा सौदा आपण व्यापाऱ्याच्या नजरेने तपासू.

प्रथम बाजाराचा कल पाहू. जून २०१४ मध्ये पिंपाला ११० डॉलरच्या वर असलेला भाव जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली आला आणि जगभर हजारो इंजिनिअर घरी बसले. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत खनिज इंधनापासून दूर जाण्याचे ठरले. पुढच्याच महिन्यात सौदी सरकारने अरामकोची क्षमता रोज १३० लाख पिंपांवर नेण्याचा बेत सोडून ती १२० लाखांवरच ठेवली.

आता दुसरी बाजू. भारत आपल्या गरजेचे ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. १९७४ साली सापडलेले मुंबई हाय आता जुने झाले आहे. तेथील उत्पादन वाढविण्यासाठी ओएनजीसीने जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या बीपी कंपनीची तांत्रिक मदत घेतली. काम संपलेले नाही. मात्र त्याचे रूप बदलत आहे. ते तीन विषयांत पाहता येते.

१) ड्रिलिंग : जमिनीतील उष्णतेपासून वीज करण्यासाठीही खोल विहीर लागते. लडाखमधील पुगा येथे अशा प्रकल्पासाठी ओएनजीसीने २०२१ मध्ये करार केला.

२) रिझर्व्हायर : खडकाच्या पोटात तेल आणि वायू कसे वाहतात, याचे हे शास्त्र. नॉर्वेच्या स्लाइपनर क्षेत्रात १९९६ पासून कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखालच्या थरात कोंडला जातो. शास्त्र तेच, काम उलटे.

३) विहीर बंद करणे : निकामी विहीर सिमेंटने पक्की बुजवावी लागते. तेल कमी झाले तरी हे काम वाढणारच.

तथापि, या नव्या कामांत तेलाइतक्या नोकऱ्या अजून नाहीत, हे लपवून चालणार नाही. म्हणून आमचा सल्ला असा : मुलाला या विषयाची खरी गोडी असेल आणि चांगल्या संस्थेत प्रवेश मिळत असेल, तरच थेट ही पदवी घ्यावी. नुसत्या पगाराच्या आशेने जाणाऱ्याने मेकॅनिकल किंवा केमिकलची पदवी घ्यावी. तिच्यावरून तेलातही जाता येते आणि तेलाबाहेरही. व्याजी कर्ज काढून या शाखेत घालणे आम्हाला दुहेरी जोखमीचे वाटते.

आपल्या वेल्डर व फिटर भावांनीही हे ध्यानात घ्यावे. ४५ अंशांत तिरका बांधलेला पाइप चहूबाजूंनी जोडण्याची सिक्स-जी परीक्षा ज्याने दिली आहे, त्याचा हात तेलाच्या पाइपलाइनवर चालतो, तसा उष्णतेच्या विहिरीवरही चालेल. प्रवेश घेण्यापूर्वी त्या कॉलेजच्या मागील तीन वर्षांच्या विद्यार्थ्यांना गाठा आणि कोणाला, कोठे, काय काम मिळाले ते विचारा. माल पारखल्याशिवाय आपण बयाणा देत नाही. येथेही देऊ नये.