बँकेचं नाव आणि जमिनीचा कागद

चि. अनिकेत,

मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या तुलूममधल्या फ्लॅटबद्दल कळलं. "मालकी बँकेच्या नावावर, मग भीती कसली?" असं तू लिहिलंस, तेच मला खटकलं.

मेक्सिकोच्या 1917 च्या राज्यघटनेतलं 27 वं कलम परदेशी माणसाला किनाऱ्यापासून 50 आणि सरहद्दीपासून 100 किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीची थेट मालकी देत नाही. म्हणून हा फिदेइकोमिसो, म्हणजे बँकेचा ट्रस्ट. मालकी बँकेकडे, राहण्याचे, भाड्याने देण्याचे, विकण्याचे हक्क तुझ्याकडे. मुदत 50 वर्षं, पुढे वाढवून मिळते. बँक दरसाल फी घेते. व्यवस्था चांगली आहे. पण विकणाऱ्याचा हक्क निर्वेध असल्याची हमी बँक देत नसते, हे पक्कं लक्षात ठेव.

खरी मेख जमिनीत आहे. क्रांतीनंतर गावांना सामायिक कसायला दिलेल्या जमिनी, म्हणजे एहिदो, तुलूमच्या आसपास पुष्कळ आहेत. 1992 पर्यंत त्या विकताच येत नव्हत्या. आजही रीतसर खासगी झाल्याशिवाय त्यांवर ट्रस्ट होत नाही. आपल्याकडच्या वर्ग 2 च्या सातबाऱ्यासारखंच समज: परवानगी नसेल तर खरेदीखत कितीही देखणं असो, कोर्टात अडकतं. कोणी नुसता हक्क सोडल्याचा कागद पुढे करून "ट्रस्ट मागाहून करू" म्हणाला, तर इसारसुद्धा देऊ नकोस. एजंट कितीही गोड बोलो.

दस्त नोतारिओसमोर होतो. तो सरकारने नेमलेला जाणता वकील असतो, पण एकट्या तुझी बाजू पाहणारा नव्हे. विकणाऱ्याशी संबंध नसलेला स्वतःचा वकील कर. बोजा नसल्याचा नोंदणी कार्यालयाचा ताजा दाखला त्याच्याकडून मागव, आणि स्पॅनिश मसुदा शब्दन् शब्द समजून घे. सही त्यावर होणार आहे.

दस्तात किंमत कमी दाखवायला सांगतील. ऐकू नकोस. पुढे विकताना तेवढा नफा फुगलेला दिसेल आणि कर तुझ्या डोक्यावर बसेल.

आणखी एक, अभद्र म्हणू नकोस. ट्रस्टमध्ये तुझ्या पश्चात हक्क कोणाला जाणार ते नाव लिहिता येतं. तिथे केतकीचं नाव घाल. नाहीतर ती परक्या देशात, परक्या भाषेत वारसाहक्कासाठी कोर्टाचे उंबरे झिजवत बसेल.

मसुदा आणि दाखला हाती आले की मला पाठव. तोवर पैसे धाडू नकोस.

तुझा,
सुधामामा