कोपनहेगन ते माल्मो: ओरेसुंड पूल ओलांडण्याचा खरा खर्च

मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त कोपनहेगनला असेल आणि तुम्ही महिना-दोन महिने तिकडे राहायला जाणार असाल, तर पहिल्याच आठवड्यात घरात विषय निघतो, ‘एक दिवस स्वीडनला जाऊन येऊ या.’ जरूर जा. कोपनहेगनच्या मुख्य स्टेशनवरून ओरेसुंड पुलावरून स्वीडनमधल्या माल्मोला पोहोचायला रेल्वेने पाऊण तासही लागत नाही. पण निघण्याआधी कागदावर हिशोब मांडा. एकट्या माणसाला चुकीच्या पर्यायामुळे चौपट पैसे मोजावे लागतात, आणि चौघांच्या कुटुंबाचं गणित याच्या अगदी उलट निघू शकतं.

खालचे आकडे २०२५च्या सुमाराचे आणि ढोबळ आहेत. पुलाचे आणि रेल्वेचे दर बदलत राहतात, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी एकदा ताडून पाहा. डेन्मार्क आणि स्वीडन हे दोन्ही देश युरोपीय संघात असले तरी तिथे युरो चालत नाही. डॅनिश क्रोनर म्हणजे साधारण १३ रुपये, स्वीडिश क्रोनर साधारण ९ रुपये. दोघांचं नाव एकच असल्याने दुकानात आणि अॅपमध्ये हमखास गल्लत होते. समोरचा आकडा कुठल्या क्रोनरमध्ये आहे, हे आधी बघा.

रेल्वेचं एकेरी तिकीट माणशी शंभर ते सव्वाशे डॅनिश क्रोनर, म्हणजे दीड हजार रुपयांच्या आसपास. ते गाडीत मिळत नाही. चढण्याआधी यंत्रावर किंवा अॅपवर काढावं लागतं आणि विनातिकीट सापडल्यास दंड तिकिटाच्या कित्येक पट असतो. कोपनहेगन फिरण्यासाठी पर्यटक जे कार्ड घेतात, ते माल्मोपर्यंत चालत नाही. स्वीडनच्या प्रवासाचं तिकीट वेगळं. लांब पल्ल्याच्या बसही या पुलावरून जातात आणि आधी आरक्षण केलं तर त्या कधी कधी रेल्वेपेक्षा स्वस्त पडतात, पण वेळेची मोकळीक राहत नाही.

आता मोटार. टोलनाका स्वीडनच्या बाजूला आहे आणि टोल जाताना-येताना दोन्ही वेळा भरावा लागतो. साध्या मोटारीचा पूर्ण दर एका खेपेला पाचशे डॅनिश क्रोनरच्या आसपास, म्हणजे परतीसह सुमारे तेरा हजार रुपये. एवढ्या पैशात पुण्याहून दिल्लीला विमानाने जाऊन येता येईल. मात्र टोल गाडीवर आहे, माणसांवर नाही. चार मोठी माणसं रेल्वेने गेली-आली तर तिकिटांचे सुमारे नऊशे क्रोनर होतात. म्हणजे चौघांसाठी पूर्ण टोलसुद्धा रेल्वेच्या जवळपास येतो.

खरी बचत ‘ओरेसुंडगो’ या वार्षिक सदस्यत्वात आहे. वर्गणी तीन-चारशे डॅनिश क्रोनरच्या घरात आणि त्यानंतर प्रत्येक खेप निम्म्याहून कमी दरात. पहिल्याच परतीच्या फेरीत वर्गणी वसूल होते, म्हणून ज्यांच्याकडे स्वतःची गाडी आहे त्यांनी वर्षातून एकदा जायचं असलं तरी हेच घ्यावं. रोज ये-जा करणाऱ्यांसाठी याहून स्वस्त योजना आहे. भाड्याच्या गाडीचं मात्र मी सुचवणार नाही. टोलशिवाय भाडेकंपनीचे हाताळणीचे पैसे लागू शकतात, सीमा ओलांडायची पूर्वपरवानगी लागू शकते, आणि गाडी दुसऱ्या देशात सोडली तर जबर आकार बसतो. दोघा-तिघांसाठी रेल्वेच बरी. सायकलने किंवा पायी हा पूल ओलांडता येत नाही.

टोल इतका का, हेही जाणून घ्यायला हवं. डेन्मार्क आणि स्वीडन यांनी मार्च १९९१मध्ये करार केला तेव्हा ठरलं, की पुलाचा बोजा करदात्यांवर टाकायचा नाही. कंपनी दोघांची निम्मी-निम्मी, कर्जाला हमी दोन्ही सरकारांची, आणि फेड टोलमधून व रेल्वेकडून मिळणाऱ्या पैशातून. काम १९९५ला सुरू झालं, १ जुलै २००० रोजी पूल खुला झाला. दोन्ही किनाऱ्यांवरच्या जोडरस्त्यांसह खर्च सुमारे ३० अब्ज डॅनिश क्रोनर. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत १६ किलोमीटर: स्वीडनकडून ७,८४५ मीटरचा पूल, मग पेबरहोम हे भर टाकून केलेलं बेट, आणि शेवटी चार किलोमीटरचा समुद्राखालचा बोगदा. कोपनहेगनचा विमानतळ अगदी काठावर आहे, तिथे २०० मीटर उंचीचे मनोरे उभारले असते तर विमानांना अडथळा झाला असता. जहाजांचा मार्गही मोकळा ठेवायचा होता. म्हणून डेन्मार्कच्या बाजूला बोगदा. जो वापरतो त्याने भरावं, हे तत्त्व मला न्याय्य वाटतं. पण मोटारीने अधूनमधून जाणाऱ्या साध्या पगाराच्या माणसाला ते जड जातं, आणि सवलतीची माहिती नसेल तर सगळ्यात जास्त तोच भरतो.

व्हिसाचा वेगळा खर्च नाही. दोन्ही देश शेंगेन या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात आहेत, त्यामुळे डेन्मार्कच्या एकाच प्रवेशाच्या व्हिसावरही माल्मोला जाऊन परत येता येतं. पूल ओलांडणं म्हणजे शेंगेनबाहेर पडणं नव्हे. व्हिसाचं शुल्क जून २०२४पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो. अर्जकेंद्राचा आकार वर. पासपोर्ट मात्र घरी ठेवून निघू नका. पंधरा वर्षं इथे कुणी कागद विचारत नव्हतं, पण नोव्हेंबर २०१५मध्ये निर्वासितांचा ओघ वाढल्यावर स्वीडनने सीमेवर तपासणी सुरू केली. जानेवारी २०१६पासून मे २०१७पर्यंत तर कोपनहेगनच्या बाजूलाच ओळखपत्र दाखवल्याशिवाय गाडीत चढता येत नव्हतं आणि रोज जाणाऱ्यांचा वेळ त्यात जात होता. माल्मोच्या हिली स्थानकावर पोलीस तपासणीसाठी डब्यात येऊ शकतात. फोटोकॉपी किंवा मोबाइलमधल्या छायाचित्रावर विसंबू नका.

‘माल्मोला हॉटेल स्वस्त, तिथे राहून कोपनहेगन बघा’ हा सल्ला सर्रास मिळतो. नवरा-बायको रोज जाऊन-येऊन चार तिकिटं काढतील तर दिवसाला सुमारे ४६० डॅनिश क्रोनर, म्हणजे सहा हजार रुपये प्रवासातच जातात. दोन शहरांतल्या खोलीच्या भाड्यात यापेक्षा जास्त फरक असेल तरच हा बेत करा. जेवण मात्र माल्मोत खरोखर परवडतं. शाकाहारी मंडळींसाठी मोलेवांगेन चौकाच्या परिसरातली फलाफलची दुकानं मोठा आधार आहेत. साठ ते ऐंशी स्वीडिश क्रोनरमध्ये पोट भरतं. पैसे कार्डानेच द्यावे लागतील असं धरून चला, आणि यंत्राने ‘रुपयांत की क्रोनरमध्ये’ विचारलं तर क्रोनर निवडा, नाहीतर विनिमयाचा दर महाग पडतो.

पूल नुसता बघायचा असेल तर फुकटात होतं. रेल्वे खालच्या मजल्यावरून धावते, त्यामुळे डब्यातून लोखंडी सांगाड्याआडूनच समुद्र दिसतो. माल्मोच्या सिब्बार्प किनाऱ्यावरून मात्र पूल उत्तम दिसतो, आणि कोपनहेगनच्या आमागेर चौपाटीवरून स्वीडनकडे जाणारी त्याची रेघ दिसते. तिथे मेट्रोने जाता येतं.

सगळ्यात महागात पडू शकणारी गोष्ट शेवटी, आणि ती तिकडे नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांसाठी. कोपनहेगनचं घरभाडं पाहून ‘माल्मोत राहू, पुलावरून नोकरीला येऊ’ असं अनेकांच्या मनात येतं. डॅनिश आणि स्वीडिश नागरिक वर्षानुवर्षं हे करत आले आहेत. भारतीय पासपोर्टला तो रस्ता तसा मोकळा नाही. डेन्मार्कचा काम-निवास परवाना स्वीडनमध्ये घर करायचा हक्क देत नाही; त्यावर शेंगेन नियमांप्रमाणे १८० दिवसांत ९० दिवसांची भेट होऊ शकते, वास्तव्य नाही. उलट डेन्मार्कमधला पत्ता सोडला तर तिथला परवानाच रद्द होण्याची भीती असते. कराचा प्रश्न तुलनेने सोपा आहे, कर बहुतेक वेळा जिथे काम तिथे भरावा लागतो. पण घरून काम केलं की सामाजिक विम्याचा प्रश्न निघतो. दोन्ही देशांनी मिळून चालवलेली ‘ओरेसुंडडिरेक्ट’ ही माहितीसेवा विनामूल्य आहे आणि माल्मोत तिचं कार्यालय आहे. घराची अनामत भरण्याआधी तिथे विचारा, आणि परवान्याबद्दलचं उत्तर दोन्ही देशांच्या स्थलांतर खात्यांकडून लेखी घ्या.