कुत्र्याचें यकृत व मेंदूचा विकार

शिरूर व दौंड तालुक्यांच्या ऊसपट्ट्यांत बिबट्यांचा वावर वाढल्यापासून मळ्यावरील राखणीच्या कुत्र्याचें मोल शेतकरी बंधूंस सांगावयास नको. परंतु एखादें पिलूं खुरटतें. खाणें झाल्यावर कांहीं वेळानें सुस्त होतें, गोल गोल फिरतें, भिंतीला डोकें टेकून उभें राहतें, लाळ गाळतें, क्वचित् त्यास झटकेही येतात. कांहीं तासांनीं तें पुन्हां बरें दिसतें. अशा पिलास बाधा झाली म्हणून डाग देणें किंवा पिसाळलें म्हणून मारणें योग्य नव्हे. यामागें यकृताचा जन्मजात दोष असूं शकतो.

आंतड्यांतील रक्त एका मोठ्या शिरेनें प्रथम यकृतांत जातें. प्रथिनें आंतड्यांत कुजतांना अमोनिया तयार होतो. गोठ्यांत मूत्र सांचलें म्हणजे नाकाला झोंबतो तोच हा वायु. निरोगी यकृत त्याचा युरिया बनवितें व तो मूत्रावाटे निघून जातो. गर्भावस्थेंत कांहीं रक्त यकृत टाळून वाहतें. ती वाट जन्मानंतर थोड्याच दिवसांत बंद होते. ती उघडी राहिली, किंवा यकृताबाहेर दुसरीच आडशीर असली, म्हणजे अमोनिया थेट मेंदूपर्यंत पोंचतो. पाट फुटून पाणी परस्पर ओढ्यास मिळावें व वाफा कोरडा रहावा, तसें यकृतही खुरटतें.

रशियांत निकोलाय एक यांनीं १८७७ सालीं शस्त्रक्रियेनें कुत्र्यांत अशी आडवाट केली. पुढें १८९३ सालीं पावलॉव्ह, नेन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, अशा कुत्र्यांस मांस चारलें असतां गुंगी व झटके येतात. म्हणून पिलानें काय व केव्हां खाल्लें आणि लक्षणें केव्हां दिसलीं, याची नोंद ठेवावी.

पिसाळलेलें कुत्रें असें मधून मधून बरें होत नाहीं. लक्षणें दिसल्यावर साधारणतः दहा दिवसांच्या आंत मरतें. तरीही पशुवैद्यानें निर्णय देईपर्यंत पिलूं वेगळें बांधावें व त्याच्या तोंडांत हात घालूं नये. चावा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून तत्काळ दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी.

उपाशीपोटीं व खाण्यानंतर दोन तासांनीं रक्त घेऊन त्यांतील पित्ताम्लें तपासल्यास या दोषाचा सुगावा लागतो. दोष ठरल्यास मांस व कोंबडीचीं आंतडीं बंद करावीं. भात किंवा भाकरी, दही, उकडलेलें अंडें असा आहार पशुवैद्याच्या सल्ल्यानें थोडा थोडा, दिवसांतून तीन-चार वेळां द्यावा. प्रथिनें अजीबात तोडूं नयेत. बद्धकोष्ठ होऊं देऊं नये. त्यासाठीं व अमोनिया कमी करण्यासाठीं पशुवैद्य लॅक्टुलोज देतात. ती आडशीर हळूहळू बंद करण्याची शस्त्रक्रियाही आहे. तिजविषयीं शिरवळ किंवा परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विचारावें.

हा दोष वंशांत उतरूं शकतो. म्हणून असें कुत्रें बरें दिसूं लागलें तरी त्याची वीण घेऊं नये.