पॉवर स्टिअरिंग जड का होते? जुन्या गाडीची क्रमवार तपासणी



ऊस विकास विभागाने मोटारीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु लागणीची नोंद द्यायला, बेणे पाहायला, खत आणायला आपण ज्या गाड्यांतून येता, त्यांपैकी बऱ्याच आता जुन्या झाल्या आहेत. सुमो १९९४ साली आली, बोलेरो २००० साली. त्या वेळच्या गाड्या गावोगाव अजून धावत आहेत. अशा गाडीचे स्टिअरिंग जड झाले की पहिला सल्ला मिळतो, ‘पंप गेला, बदला.’ पंप बदलूनही जडपणा तसाच, अशा तक्रारी आमच्या कानावर येतात. म्हणून हा पाठ.

कालव्याचा हिशोब लावा

आपल्यापैकी पुष्कळांचा ऊस खडकवासल्याच्या कालव्यावर आहे. हे धरण १८७९ सालचे. टेलच्या रानाला पाणी पोचले नाही तर आपण काय करतो? आधी धरणात साठा आहे का ते पाहतो. मग दार उघडले का, कालवा कुठे फुटला का, शेवटी चारीत गाळ आहे का, असे क्रमाने जातो. पॉवर स्टिअरिंगचेही तसेच आहे. तेलाची डबी हे धरण. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप पाण्याला जोर देतो. नळी हा कालवा आणि स्टिअरिंगचा गिअर बॉक्स हे रान. उरलेले तेल परतीच्या नळीने पुन्हा डबीत येते.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंना सारखा पोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातील नियम. त्यावर अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने १९२६ साली असे स्टिअरिंग मोटारीला बसवून दाखविले. विक्रीच्या मोटारीत ते १९५१ साली क्रायसलर इंपीरियलमध्ये आले. चाक पुरते वळविताना तेलाचा दाब ठोकळमानाने दर चौरस सेंटीमीटरला ७० ते १०० किलो होतो. म्हणजे टायरमधील हवेच्या तीस ते पन्नास पट. हा आकडा ध्यानात ठेवावा, पुढे कामाला येईल.

अलीकडच्या लहान मोटारींत विजेच्या मोटरवर चालणारे स्टिअरिंग असते. त्यात तेल नसते. हा पाठ तेलाच्या स्टिअरिंगपुरता आहे.

तपासणीचा क्रम

१. टायर. पुढच्या चाकांत हवा कमी असेल तर कोणतेही स्टिअरिंग जड लागते. फुकटची तपासणी आधी करावी.

२. तेल. डबीवरील खुणेप्रमाणे पातळी पाहावी. तेलावर फेस असेल तर आत हवा शिरली आहे. तेल काळे पडून जळका वास येत असेल तर ते बदलावे. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच तेल घालावे. ब्रेक ऑइल कदापि घालू नये, त्याने रबरी सील फुगून निकामी होतात.

३. पट्टा. इंजिन बंद करून पट्टा पाहावा. तडे गेले आहेत का, तेल लागून गुळगुळीत झाला आहे का, ढिला आहे का? चाक पूर्ण वळविताना ‘चींऽ’ असा कर्कश आवाज आला तर बहुधा पट्टा घसरतो आहे.

४. गळती. तेल वारंवार कमी होत असेल तर ते कुठेतरी जातेच. नळीचे सांधे, पंपाचा दांडा, गिअर बॉक्सचे रबरी बूट पाहावेत. इंजिन चालू असताना नळीवरून हात फिरवून गळती शोधू नये. वर सांगितलेल्या दाबाने सुईएवढ्या छिद्रातून निघालेले तेल कातडी भेदून आत जाते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे. तेल कातडीत शिरले तर जखम लहान दिसली तरी तात्काळ दवाखाना गाठावा.

५. जॅकची परीक्षा. ही सर्वांत उपयोगी. सपाट जागी, मागच्या चाकांना दगड लावून, पुढची दोन्ही चाके जॅकवर उचलावीत व खाली भक्कम टेकू द्यावा. किल्लीने स्टिअरिंगचे कुलूप उघडावे, इंजिन मात्र बंदच ठेवावे. आता चाक फिरवावे. तरीही ते अडकत वा घट्ट फिरत असेल तर दोष तेलाचा किंवा पंपाचा नव्हे. बॉल जॉइंट, किंगपिन किंवा स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा गंजला आहे. तेथे नवा पंप म्हणजे वांझोटा खर्च.

६. हवा काढणे. पंप गुरगुरत असेल व तेलावर फेस असेल तर चाके उचललेल्या स्थितीतच, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-पंधरा वेळा सावकाश फिरवावे. मधून मधून तेलाची पातळी पुरी करावी. मग इंजिन चालू करून पाहावे.

लक्षणांवरून ओळख

- इंजिन मंद असता जड, वेग वाढविला की हलके: पट्टा ढिला किंवा पंप झिजलेला.
- एकाच बाजूला जड: टायरची हवा व अलाइनमेंट ठीक असेल तर गिअर बॉक्समधील व्हॉल्व्हचा संशय.
- चाक हलते पण गाडी उशिरा वळते: सांधे झिजले आहेत. हा दोष धोक्याचा, गाडी रस्त्यावर काढू नये.

एवढे पाहूनही उलगडा झाला नाही, तर मिस्त्रीकडून दाबाचे घड्याळ लावून पंप तपासून घ्यावा आणि आकडा कमी आला तरच पंप बदलावा. चाक टोकाला नेऊन पाच सेकंदांहून अधिक दाबून धरू नये, तेल तापते व पंप झिजतो.

एक कळकळीची सूचना

डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करण्याची सवय काहींना आहे. खडकवासल्यावरून सिंहगडाला गेलेल्यांना डोणज्याकडे उतरतानाची वळणे ठाऊक आहेत. इंजिन बंद पडताच पंप थांबतो आणि स्टिअरिंग ऐन वळणावर एकदम जड होते. ब्रेकला मिळणारी मदतही दोन-चार दाबांत संपते. किल्ली पूर्ण मागे फिरली तर स्टिअरिंगला कुलूप लागते. वाचलेले डिझेल पावशेर, आणि पणाला घरची माणसे! उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवावी. कधी पट्टा तुटून स्टिअरिंग जड झालेच तर घाबरू नये. मोटारीचे चाक सांध्यांनी जोडलेलेच असते, ते वळते, फक्त जोर लागतो. दोन्ही हातांनी घट्ट धरून, वेग कमी करीत गाडी कडेला घ्यावी.

गाळप सुरू झाले की कोणालाच उसंत नसते. तेव्हा हंगामापूर्वीच्या एखाद्या सकाळी घरातल्या मुलाला बरोबर घेऊन ही तपासणी करावी. पाळीपत्रक जसे भिंतीला लावतो, तसा वरील क्रम गाडीच्या कप्प्यात ठेवावा.

— ऊस विकास अधिकारी