मागाच्या कारखान्यातून निघालेली मोटार : जपानी गाड्यांच्या मालकांचा अनुभव आणि आपला हिशेब

धंद्यासाठी गाडी घ्यायची म्हटले की सल्ल्यांना तोटा नसतो. मालेगावचा यंत्रमागवाला असो, मिरजेचा फळव्यापारी असो की चिपळूणचा फर्निचर कारागीर, त्याला बहुतेकांकडून एकच उत्तर मिळते, "जपानी घ्या, डोळे झाकून घ्या." आखाती देशांत पंधरा-वीस वर्षे नोकरी करून परतलेले कोकणी बांधव तर हे फार ठामपणे सांगतात. तिकडच्या भाजून काढणाऱ्या उन्हात टोयोटाच्या हायलक्स आणि कोरोला वर्षानुवर्षे चालताना त्यांनी पाहिलेल्या असतात. सल्ला चुकीचा नाही. परंतु त्यातले 'डोळे झाकून' हे शब्द अनेकांना महाग पडले आहेत. या गाड्या टिकतात कशामुळे, कमी इंधन पितात कशामुळे, आणि तो फायदा मालकाच्या गल्ल्यात खरोखर कधी पडतो, हे व्यापारी बंधूंनी समजून घेतले पाहिजे.

प्रथम एक गोष्ट, जी भिवंडी-मालेगावच्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. आज मोटारींसाठी ओळखल्या जाणाऱ्या टोयोटा आणि सुझुकी या दोन्ही नावांचा उगम कापडाच्या मागात आहे. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये जपानच्या हमामात्सु शहरात माग बनविण्याचा कारखाना काढला. त्यांच्या कंपनीची पहिली मोटार, सुझुलाइट, १९५५ साली आली. टोयोटा घराण्याचे साकिची टोयोडा (१८६७-१९३०) हे एका सुताराचे चिरंजीव. त्यांनी १९२४ मध्ये जो स्वयंचलित माग पूर्ण केला, त्याचे वैशिष्ट्य मागावर हयात घालविलेल्या माणसाला लगेच कळेल. ताण्याचा एक धागा तुटला की माग आपोआप थांबे. आणि बाण्याचे सूत संपत आले की माग न थांबता धोटा बदलला जाई. त्यामुळे मागापाशी डोळ्यांत तेल घालून बसणारा माणूस मोकळा झाला आणि एकच कामगार अनेक माग सांभाळू लागला. लँकेशायरने जगाला माग पुरविले होते. त्याच इंग्लंडमधील प्लॅट ब्रदर्स या कंपनीने १९२९ मध्ये या जपानी मागाचे हक्क घेण्याचा करार केला. पुढे साकिचींचे चिरंजीव किइचिरो मोटारीकडे वळले आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी उभी राहिली.

धागा तुटला तर थांबा, खराब कापड पुढे विणू नका, हा मागाचा नियम मोटारीच्या कारखान्यात आला. तेथे साध्या कामगारालाही दोष दिसताच दोरी ओढून काम अडविण्याचा अधिकार असतो. दोष त्याच जागी दुरुस्त होतो, ग्राहकाच्या दारापर्यंत जात नाही. यात केवळ जपानी रक्ताची करामत नाही, हे अमेरिकेत दिसून आले. कॅलिफोर्नियातील फ्रिमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना कामगारांच्या गैरहजेरीबद्दल आणि खराब मालाबद्दल बदनाम होता; तो १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाने जनरल मोटर्सच्या भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू केला. कामगार बहुतांशी जुनेच, पद्धत मात्र नवी. थोड्याच काळात तेथून उत्तम गाड्या बाहेर पडू लागल्या.

इंधनाच्या काटकसरीचे कारण याहून साधे आहे. जपानला आपले जवळजवळ सर्व खनिज तेल बाहेरून आणावे लागते. त्यात शहरांचे रस्ते अरुंद. सरकारने युद्धानंतर छोट्या गाड्यांचा एक वेगळा वर्ग केला आणि त्याला करात व इतर बाबतींत सवलती दिल्या. या वर्गात इंजिनाची मर्यादा बराच काळ ३६० सीसी होती, १९७६ पासून ५५० आणि १९९० पासून ६६० सीसी. एवढ्याशा इंजिनात कुटुंब आणि सामान ओढायचे, तर गाडी हलकी हवी आणि इंजिन चोख हवे. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा अमेरिकेतील भल्यामोठ्या गाड्यांचे मालक जपानी गाड्यांकडे वळले, ते याच तयारीमुळे.

आपल्याकडे ही विद्या १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० च्या रूपाने रस्त्यावर आली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. पुढच्याच वर्षी तेच इंजिन घेऊन मारुती व्हॅन आली, जी पुढे ओम्नी म्हणून ओळखली गेली. बेकरीचे पाव, कपड्यांचे गठ्ठे, लग्नाच्या देगा, शाळेची मुले, या व्हॅनने काय वाहिले नाही? ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये आणि ओम्नीचे २०१९ मध्ये थांबले, तरी जुन्या मालकांचे सांगणे एकसारखेच ऐकू येते : दुरुस्तीला गल्लीतला मिस्त्री पुरतो, सुटा भाग तालुक्याच्या गावात मिळतो आणि गाडी रस्त्यात दगा देत नाही. मोठ्या गाड्यांत हीच कीर्ती टोयोटाच्या क्वालिसने (२०००-२००५) आणि तिच्या जागी २००५ मध्ये आलेल्या इनोव्हाने मिळविली. तीन-चार लाख किलोमीटर झालेल्या इनोव्हा टूरिस्ट धंद्यात आजही दिसतात.

नावाच्या मोहात पडू नये म्हणून एक गोष्ट येथेच सांगतो. सुझुकीच्या ज्या डिझेल स्विफ्ट आणि डिझायरच्या अ‍ॅव्हरेजचे गोडवे गायले जातात, त्यांचे १२४८ सीसीचे इंजिन मूळचे इटलीच्या फियाटचे. मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या; जुन्या बाजारात मात्र त्या भरपूर आहेत. तसेच टोयोटाची ग्लान्झा ही मारुतीची बलेनो आहे आणि मारुतीची इन्व्हिक्टो ही टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस आहे. चिन्ह बदलले म्हणून जादा पैसे मोजण्यापूर्वी हे माहीत असावे.

आता अ‍ॅव्हरेजचा प्रश्न. कंपनी जो आकडा छापते तो प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून, ठराविक वेगाने मोजलेला असतो. पुण्याची एआरएआय ही संस्था अशा चाचण्या करते. आकडा खोटा नसतो, पण त्यात भिवंडीचे खड्डे नसतात, कशेडी घाट नसतो आणि मागे सहा क्विंटल मालही नसतो. शिवाय २०१६ मध्ये जपानमध्येच मित्सुबिशीने अ‍ॅव्हरेजच्या आकड्यांत फेरफार केल्याचे कबूल केले, आणि सुझुकीनेही आपली चाचणीपद्धत नियमाला धरून नव्हती असे मान्य केले. म्हणून आपला आकडा आपणच काढावा. टाकी पूर्ण भरावी, किलोमीटर लिहून घ्यावे, नेहमीसारखी गाडी चालवावी आणि पुन्हा त्याच पंपावर टाकी पूर्ण भरावी. मध्ये ४१२ किलोमीटर झाले आणि २७.५ लिटर तेल बसले, तर अ‍ॅव्हरेज १५ चे. असे लागोपाठ तीन-चार वेळा केले की खरे चित्र दिसते. काटा लाल रेषेवर येईपर्यंत चालवून अंदाज बांधणे म्हणजे वजनकाट्याऐवजी हाताने माल तोलण्यासारखे आहे.

आकडा हाती आला की पुढचा हिशेब करावा. समजा महिन्याला १५०० किलोमीटर चालणे आहे आणि पेट्रोल १०० रुपये लिटर धरले. १५ च्या अ‍ॅव्हरेजला महिन्याचा खर्च १०,००० रुपये आणि १८ च्या अ‍ॅव्हरेजला सुमारे ८,३३० रुपये होतो. म्हणजे वर्षाला साधारण २०,००० रुपयांची बचत. पण १८ ची गाडी एक लाख रुपयांनी महाग असेल, तर तेवढी रक्कम वसूल व्हायलाच पाच वर्षे लागतात. ज्याचे चालणे महिन्याला ५०० किलोमीटरच आहे त्याला पंधरा वर्षे लागतील! शहराच्या गर्दीत दिवसभर फिरणाऱ्याला हायब्रिड गाडीचा फायदा मोठा, कारण ब्रेक दाबताना वाया जाणारी शक्ती ती बॅटरीत साठविते. हायवेवर सरळ धावणाऱ्याला तोच फायदा बराच कमी मिळतो.

याच हिशेबात एक रकमेची बाजू आपण लिहीतच नाही, ती म्हणजे बंद पडलेला दिवस. गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली, माल वेळेवर पोहोचला नाही, भाड्याचा टेम्पो करावा लागला आणि गिऱ्हाईक दुसरीकडे गेले. दिवसाची मिळकत ३,००० रुपये धरली तरी दोन दिवसांचे ६,००० झाले. वर वर्सलेल्या बचतीचे हे जवळजवळ चार महिने. धंद्याच्या गाडीत अ‍ॅव्हरेजपेक्षा भरवसा मोठा, असे माझे मत आहे ते यामुळेच. जपानी गाडीचा खरा नफाही येथेच आहे.

आणि नेमका येथेच मालक तो गमावतो. खोडकर गाडीचा मालक सतत बॉनेट उघडून पाहतो. ज्याची गाडी कुरकुर करीत नाही, तो वर्षभर ऑइलची काडीही बाहेर काढत नाही. चांगली गाडी हलगर्जीपणा बराच काळ सोसते, मग एकदम मोठा खर्च पुढे करते. कूलंटऐवजी नळाचे पाणी घालत राहिले की रेडिएटर आतून गंजतो, इंजिन तापते, हेड गॅस्केट जाते. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखालीच असल्याने चालकाला उष्णता जाणवायची, पण सवयीने तिकडेही दुर्लक्ष होई. जुन्या इनोव्हाच्या अडीच लिटर डिझेल इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर तो बदलला तर खर्च आटोक्यात राहतो. तो धावत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावे लागते. मागावर एक धागा तुटला तर आपला कारागीर तत्काळ माग थांबवितो, पण गाडीच्या डॅशबोर्डवर लाल दिवा लागला तर तोच म्हणतो, "उद्या बघू."

टायरच्या हवेबद्दलही असेच. हवा गाडी थंड असताना तपासावी. कमी हवा म्हणजे जादा इंधन आणि कडेने झिजलेले टायर. सीएनजीची गाडी असेल तर टाकीची दर तीन वर्षांची चाचणी चुकवू नये. तो नियम जिवासाठी आहे.

जिवाचा विषय निघाला म्हणून सांगतो. हलक्या गाडीची काटकसर नेहमी फुकट मिळालेली नाही. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत २०१४ मध्ये एअरबॅग नसलेल्या अल्टो ८०० ला आणि २०१६ मध्ये तशाच इकोला एकही तारा मिळाला नाही. २०२४ मध्ये नव्या डिझायरला पाच तारे मिळाले, म्हणजे सुधारणा झाली आहे. पण जुन्या बाजारात आपण घेतो त्या गाड्या आधीच्या आहेत. आठवडाभर माल वाहणाऱ्या व्हॅनमध्ये सुट्टीच्या दिवशी दहा माणसे कोंबून दर्ग्याला किंवा लग्नाला निघणाऱ्यांनी याचा विचार करावा. मोठ्या कंपन्याही चुकतात. २००९-१० मध्ये टोयोटाला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि कंपनीच्या प्रमुखांनी अमेरिकन संसदेपुढे माफी मागितली. २०२३ मध्ये टोयोटाच्याच दाइहात्सु कंपनीने सुरक्षा-चाचण्यांत लबाडी केल्याचे उघड झाले. म्हणून जुनी गाडी घेताना तिच्या मॉडेलबाबत परत बोलावणे झाले होते का आणि ते काम करून घेतले होते का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला चॅसिस नंबर देऊन विचारावे.

आपल्यापैकी बहुतेकांचा सौदा जुन्या गाडीचाच असतो आणि नावलौकिकाचा फायदा तेथे विकणारा उचलतो. टूरिस्टमध्ये चार लाख किलोमीटर झालेली इनोव्हा मीटर मागे फिरवून 'नव्वद हजार, एकहाती' म्हणून उभी असते. मीटर खोटे बोलते, पण ब्रेकच्या पायपट्टीचे झिजलेले रबर, गुळगुळीत झालेले स्टीअरिंग आणि खचलेली चालकाची सीट खोटे बोलत नाहीत. सर्व्हिसिंगच्या नोंदी मागाव्यात. आरसी बुकावर कर्जाचा बोजा आहे का, गाडी कधी टॅक्सी म्हणून नोंदलेली होती का, विम्याचे मोठे दावे झाले आहेत का, हे पाहावे.

आपल्या राज्यात आणखी एक धोका आहे, पुराच्या गाड्यांचा. २००५ चा मुंबईचा पाऊस, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर, २०२१ चा चिपळूण-महाडचा पूर, यांत असंख्य गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊनपुसून चकचकीत करता येते. वायरिंग मात्र आतून सडत राहते. सीटच्या खालचे स्क्रू आणि रुळ गंजले आहेत का, गालिचा उचलल्यावर खाली वाळलेला चिखल आहे का, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर मातीचा डाग दिसतो का, काच बंद करून एसी लावल्यावर कुबट वास येतो का, हे बारकाईने तपासावे. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना, आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर घेऊन पाहावी. आपण पोहोचण्यापूर्वीच मालकाने ती गरम करून ठेवली असेल, तर चहा घ्यावा, नम्रपणे सलाम करावा आणि दुसऱ्या दिवशी न कळविता पुन्हा जावे.