डुक्करछाप रुपया आणि चिंचेचं पाणी

सोंड आखूड पडली आणि एक रुपया संग्राहकांच्या जगात कायमचा गाजला. पंचम जॉर्जच्या नावाचे पहिले चांदीचे रुपये १९११ साली मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत पाडले गेले. डोक्यावर मुकुट, अंगावर भरजरी झगा आणि त्यावर ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ या किताबाची माळ, असा राजाचा थाट होता. ही मुद्रा बर्ट्रम मॅकेनल या ऑस्ट्रेलियन शिल्पकाराची. माळेत एक चिमुकला हत्ती होता. त्याची सोंड इतकी तोकडी उतरली की लोकांना तिथे डुक्कर दिसलं. विशेषतः मुस्लिम समाजात नाराजी पसरली, सरकारने हात आखडता घेतला आणि १९१२च्या रुपयावर त्याच जागी ठळक सोंडेचा हत्ती आला.

नाणेसूचींत दिलेल्या आकड्यांनुसार १९११चे सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते. त्यांतले सात लाखांच्या आसपास लोकांच्या हाती गेले, बाकीचे पुन्हा मुशीत. बाजारात हा ‘पिग रुपी’ म्हणून ओळखला जातो आणि त्याच्याभोवती जेवढी कथा रचली जाते तेवढीच थापेबाजीही चालते.

पहिली थाप अगदी साधी. १९१३ किंवा १९१८चा झिजलेला रुपया पुढे करायचा, बोट झग्यावर ठेवायचं आणि म्हणायचं, “बघा साहेब, सोंड आहे का?” सोंड नसतेच, कारण हजारो हातांनी ती घासून नेलेली असते. यावर उतारा एकच: नाणं उलटं करा. ‘वन रुपी’, त्याखाली फारसी लिपीतलं ‘यक रुपिया’, मग ‘इंडिया’ आणि साल. साल १९११ असेल तरच तो डुक्करछाप. आणि १९११चा प्रत्येक रुपया डुक्करछापच असतो, त्यामुळे ‘हा त्यातलाही दुर्मीळ प्रकार’ असं कुणी सांगू लागलं तर चहा पिऊन निघावं.

प्रस्तुत लेखकाला या छंदातलं जे काही कळलं, ते पुस्तकांइतकंच घरच्या देव्हाऱ्यातल्या डब्यामुळे कळलं. लक्ष्मीपूजनाला ताम्हनात मांडायचे राणीछाप आणि राजाछाप रुपये आपल्याकडे अनेक घरांत असतात. आमच्याकडेही होते, आणि त्यांत एक १९११चाही होता. दर दिवाळीला ते चिंचेच्या पाण्यात भिजत, मग रांगोळीने घासले जात. पूजेला आरशासारखे लखलखत. पुढे एका जाणकार संग्राहकाने तो रुपया भिंगाखाली धरला आणि पृष्ठभागावरचे एकाच दिशेने गेलेले केसाएवढे बारीक ओरखडे दाखवले. “साल चांगलं आहे, कातडी गेली,” एवढंच तो बोलला. चांदीच्या भावापेक्षा थोडी वरची रक्कम त्याने सांगितली आणि तो आकडा वाजवीच होता.

कारण सरळ आहे. टांकसाळीचा ठसा बसताना धातू कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर सूक्ष्म रेषा उमटतात. नाणं तिरकं फिरवलं की प्रकाश त्या रेषांवरून चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. संग्राहक त्याला ‘लस्टर’ म्हणतात आणि मोजतात तो पैसा मुख्यतः याच लस्टरचा. रांगोळी, राख, दंतमंजन, सोनाराचं पॉलिश यांपैकी काहीही लागलं की या रेषा जातात आणि पुन्हा येत नाहीत. चांदीवर वर्षानुवर्षं बसलेला करडा, निळसर थर म्हणजे मळ नव्हे. जाणकार त्याला ‘टोनिंग’ म्हणतात आणि तो जपतात. माळेसाठी कडी जोडलेला रुपया तर संग्राहकाच्या लेखी निव्वळ चांदी. पूजेसाठी दोन-चार झिजलेले रुपये वेगळे काढावेत, चिंच त्यांनाच लावावी.

निव्वळ चांदीचा हिशेबही येत असावा. १८३५च्या कायद्याने कंपनी सरकारने रुपयाचं वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा किंवा ११.६६ ग्रॅम ठरवलं आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. म्हणजे प्रत्येक रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. हे प्रमाण चौथ्या विल्यमपासून सहाव्या जॉर्जच्या सुरुवातीच्या नाण्यांपर्यंत टिकलं. दुसरं महायुद्ध पेटलं, लोक चांदी दडवू लागले आणि १९४०मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली. वजन तेच, पण शुद्ध चांदी फक्त ५.८३ ग्रॅम. १९४७च्या, पाठीवर वाघ असलेल्या रुपयात तर चांदी नाहीच, तो निकेलचा. तरी जत्रेतल्या पथाऱ्यांवर हे सगळे ‘जुना चांदीचा रुपया’ म्हणून एकाच भावाने विकले जातात. त्यातही १९४०-४५चे रुपये जुन्या राणीछापाच्या दराने गळ्यात मारणं हा तर रोजचाच खेळ.

सर्वांत महागात पडणारी फसवणूक मात्र १९३९च्या रुपयाची. जुन्या प्रमाणाच्या चांदीचा हा शेवटचा रुपया. तो फारसा चलनात आलाच नाही, म्हणून त्याला मोठी किंमत येते. आदल्या वर्षीचा, १९३८चा रुपया मात्र सहज मिळतो. मग काय, आठाचा नऊ करायला कोरणी पुरते. नाणं बाकी सगळं अस्सल असतं, म्हणून वजनात आणि चांदीच्या कसात ते उत्तीर्ण होतं. दहा पट दाखवणाऱ्या भिंगातून शेवटच्या आकड्याभोवतीची सपाट जागा पाहावी. तिथे खरवडल्याची खूण किंवा बाकीच्या आकड्यांहून वेगळी धार दिसली तर उत्तर मिळालं. या सालाचा रुपया तज्ज्ञाच्या लेखी प्रमाणपत्राशिवाय घेऊच नये, असं प्रस्तुत लेखकाचं स्पष्ट मत आहे. विकणारा कितीही ओळखीचा असला तरी.

ओतीव नकला वेगळ्या. त्यांची अक्षरं साबणासारखी गुळगुळीत, पृष्ठभागावर बारीक खड्डे, आणि कडेच्या दात्यांवर कधी कधी जोडाची रेघ. एकाच विक्रेत्याकडच्या दोन नाण्यांवर अगदी त्याच जागी तोच टवका असेल तर दोन्ही एका साच्यातली. चांदीचं म्हणून दिलेलं नाणं लोहचुंबकाला चिकटलं तर ते खोटं, हे खरं. पण चिकटलं नाही म्हणून ते खरं ठरत नाही. तांबं आणि जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा जवळ ठेवावा. झिजलेला रुपया थोडा हलका भरतो, पण तो ग्रॅमभर हलका किंवा थोडाही जड भरला तर हात मागे घ्यावा.

राम दरबाराचं चित्र असलेले, १८१८ साल कोरलेले ‘ईस्ट इंडिया कंपनी’चे अर्धे आणे मात्र काट्यावर ठेवायचीही गरज नाही. कंपनीने असं नाणं कधी काढलंच नाही. ‘तुमचं जुनं नाणं लाखोंना घेतो, आधी कमिशन आणि कर भरा’ असा फोन आला तर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये दिलेला इशारा आठवावा: असे व्यवहार बँक करत नाही आणि कुणाला करायला सांगतही नाही.

नाणं कडेने धरावं, मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये (काही वर्षांत त्यावर हिरवट चिकटा येतो), रबरबँड तर लांबच ठेवावा, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. भाव ठरवताना विक्रेत्याने मागितलेली किंमत धरू नये, लिलावांत प्रत्यक्ष मिळालेली पाहावी. ती गुळगुळीत पिग रुपीला बेताचीच मिळते आणि टांकसाळीची झळाळी टिकलेल्या पिग रुपीला त्याच्या अनेक पट.

अमेरिकेत किंवा दुबईत राहणाऱ्या लेकीसुनांच्या पर्समध्ये आजीची आठवण म्हणून असा रुपया घालणाऱ्यांनी एक कायदा ध्यानात ठेवावा. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं हे पुरावशेष ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. १९११चा रुपया ही मर्यादा केव्हाच ओलांडून गेला आहे.